रस्ता बांधणाऱ्याला पाणी शिकवा

चौपदरी रस्त्याचा एक किलोमीटर घ्या. दोन्ही बाजूंचे डांबर किंवा काँक्रीट मिळून रुंदी साधारण वीस मीटर धरली, तर तो दोन हेक्टरांचा, म्हणजे पाच एकरांचा, पाणी न पिणारा पट्टा झाला. त्यावर तासाला १०० मिलिमीटर या वेगाने पाऊस पडू लागला, आणि कोकणात किंवा मुंबईत थोडा वेळ का होईना असा पाऊस पडतोच, तर त्या एका किलोमीटरवरून सेकंदाला सुमारे ५०० लिटर पाणी निघते. मिनिटाला दहा हजार लिटरचे तीन टँकर. पूर्वी त्या जागी शेत, माळ किंवा झाडी होती तेव्हा यातला मोठा हिस्सा मातीत मुरायचा आणि उरलेला रेंगाळत ओढ्याला मिळायचा. आता जवळजवळ सगळेच वाहते, आणि तेही काही मिनिटांत, दोन-चार ठिकाणी एकवटून.

हे पाणी कुठे जाणार, हे कोणीतरी ठरवावे लागते. कोणी ठरवले नाही तर ते शेजारच्या भातखाचरात, खालच्या वाडीतल्या अंगणात, भरावाच्या पोटात किंवा घाटातल्या कापलेल्या कड्यामागे जाऊन बसते. कागदावर हा निर्णय सल्लागाराने प्रकल्प अहवालात घेतलेला असतो. प्रत्यक्षात तो साइटवर होतो. मोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी नेणारी वाट, नकाशातल्या जागी बसत नाही म्हणून दहा मीटर सरकवली जाते. दोन पाइपांऐवजी एकच टाकला जातो. गटाराचा उतार डोळ्यांच्या अंदाजाने काढला जातो. खोदलेली माती ओढ्याच्या काठावर टाकली जाते. हे निर्णय घेणारे लोक म्हणजे कनिष्ठ अभियंता, ठेकेदाराचा सुपरवायझर, मुकादम आणि जेसीबी चालवणारा. यांच्यापैकी कोणालाही पाण्याबद्दल नीट शिकवलेले नसते, आणि शिकलेले नसतानाही काम त्यांच्या हाती दिले जाते.

माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते मी आडपडदा न ठेवता मांडतो. रस्ते, पूल, उड्डाणपूल आणि मेट्रो बांधणाऱ्या प्रत्येकाला पावसाच्या पाण्याचे आणि पर्यावरणाचे प्रशिक्षण सक्तीचे असावे, त्याची परीक्षा व्हावी, आणि ती उत्तीर्ण झाल्याशिवाय कामाचा ताबा मिळू नये. आज आपल्याकडे काँक्रीटचा ठोकळा प्रयोगशाळेत फोडून पाहिल्याशिवाय बिल निघत नाही. पाण्याच्या बाबतीत असा कोणताच ठोकळा फुटत नाही.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी गाड्या आणि त्यांच्यासोबतची खासगी वाहने अंधारात नदीत गेली. चाळीसच्या आसपास माणसे गेली, काहींचे मृतदेह कित्येक किलोमीटर दूर खाडीत मिळाले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य ठरला होता, असे तेव्हा सरकारतर्फे सांगण्यात आले. पाहणी झालीच नाही असा आरोप करणे सोपे आहे, पण मला त्याहून गंभीर शक्यता दिसते. पाहणी झाली, मनापासून झाली, आणि तरी ती उपयोगाची नव्हती.

कारण पूल पुरात बहुधा खालून जातो. पाण्याचा वेग वाढला की खांबाभोवती भोवरे तयार होतात आणि पायाशेजारचा गाळ, वाळू, गोटे उपसले जातात. अभियंते याला स्कावर म्हणतात. पूर ऐन भरात असताना हा खड्डा सर्वांत खोल असतो. पूर ओसरू लागला की वरून येणारा गाळ त्यात पुन्हा बसतो आणि खड्डा बुजतो. मे महिन्यात कोरड्या पात्रात उतरलेल्या माणसाला पायाभोवती सपाट वाळू दिसते. ती वाळू घट्ट मूळ थराची आहे की गेल्या ऑगस्टमध्ये येऊन बसलेली सैल भर आहे, हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी काय मोजायचे, कधी मोजायचे, कोणत्या पातळीला पाणी आले की पूल बंद करायचा, हे शिकवावे लागते. तडे, झाडांची मुळे आणि कठड्याची पडझड पाहायला शिकलेला माणूस तेवढेच पाहणार. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला जे शिकवले नाही त्याबद्दल खात्याने उत्तर द्यायला हवे.

असाच प्रकार पुराच्या हिशेबाचा आहे. पश्चिम घाटातल्या ओढ्या-नद्यांवर पूल किंवा मोरी बांधताना आजही इंग्लिस यांचे सूत्र वापरले जाते. सर क्लॉड इंग्लिस हे मुंबई इलाख्यात काम केलेले अभियंते. खडकवासल्याच्या जलसंशोधन केंद्राशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. सूत्र असे: पाणलोट क्षेत्राला १२४ ने गुणा आणि त्याच क्षेत्रात १०.४ मिळवून येणाऱ्या वर्गमुळाने भागा. दहा चौरस किलोमीटरचा पाणलोट असेल तर उत्तर येते सेकंदाला सुमारे २७५ घनमीटर. सूत्र प्रत्यक्ष पूर पाहून बसवलेले आहे आणि ते टाकाऊ मुळीच नाही. पण त्यात काय नाही ते पाहा. पाऊस किती पडतो, ते नाही. डोंगरावर झाडे आहेत की खाणी, ते नाही. वरच्या अंगाला गेल्या वीस वर्षांत किती प्लॉट पडले, किती माळ काँक्रीटखाली गेला, ते नाही. फक्त क्षेत्रफळ आहे. ज्याला सूत्राची मर्यादा माहीत आहे तो उत्तर काढल्यावर नदीकाठी जातो, जुन्या पुराच्या खुणा विचारतो, दुसऱ्या पद्धतीने पडताळतो. ज्याला फक्त सूत्र माहीत आहे त्याची फाइल तिथेच पूर्ण होते.

'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' या शब्दांनीही फार नुकसान केले आहे. ऐकणाऱ्याला वाटते, एकदा आला की आता शंभर वर्षे सुट्टी. खरा अर्थ असा की कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक आहे. तीस वर्षांचा हिशेब मांडला तर ही शक्यता २६ टक्क्यांवर जाते. पन्नास वर्षांच्या पुरासाठी बांधलेली मोरी तीस वर्षांत एकदा तरी अपुरी पडण्याची शक्यता ४५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे नाणेफेकीच्या जवळपास. मोरी लहान ठेवून चार पैसे वाचवणाऱ्याला आपण कशावर सही करतो आहोत हे कळले, तर मला खात्री आहे की पुष्कळ सह्या बदलतील. आणि हे आकडे जुना पाऊस धरून आहेत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २२ जुलै २०२१ च्या सुमारास महाबळेश्वरला एका दिवसात जवळपास ६०० मिलिमीटर झाला आणि खाली चिपळूण, महाड बुडाले. मुंबईतली जुनी पर्जन्यवाहिनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. ती ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याचा ब्रिमस्टोवॅड आराखडा १९९३ मध्ये तयार झाला, आणि २००५ चा प्रलय येईपर्यंत त्याला म्हणावी तशी गती आली नाही.

यावर नेहमी उत्तर मिळते की नियम आहेत, संहिता आहेत. खरेच आहेत, आणि चांगल्या आहेत. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९२७-२८ मध्ये देशातल्या रस्त्यांचा पहिला गंभीर विचार केला, त्यातून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली, आणि या संस्थेने रस्त्याच्या निचऱ्यावर, शहरी निचऱ्यावर, लहान पूल आणि मोऱ्यांवर स्वतंत्र मार्गदर्शिका काढल्या. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये शहरी पुरावर मार्गदर्शक तत्त्वे दिली. केंद्राच्या नगरविकास खात्याने २०१९ मध्ये पर्जन्यजल निचऱ्याची संहिता आणली. पण या पुस्तकांतले पान आणि महामार्गाच्या कडेचे गटार यांच्यामध्ये जे अंतर आहे ते कोणी चालून जायचे, हा प्रश्न आहे. तालुक्याच्या ठिकाणी शाखा सांभाळणाऱ्या अभियंत्याकडे एकाच वेळी खड्डे, व्हीआयपी दौरे, न्यायालयातली प्रकरणे आणि मोजमाप पुस्तिका असतात. त्याने पदवीला असताना जलविज्ञानाचा एखादा पेपर दिलेला असतो. त्यानंतर नोकरीच्या तीस वर्षांत त्याला कोणी पुन्हा विचारलेले नसते.

अंदाजपत्रकात गटाराची जागा कुठे असते हे पाहिले तरी आपली मानसिकता कळते. आधी भराव, मग खडी, मग डांबर, मग पांढरे पट्टे, फलक आणि उद्घाटन. निचरा शेवटी, 'उर्वरित कामे' या मथळ्याखाली. पाऊस मात्र उर्वरित कामांसाठी थांबत नाही. भरावात पाणी शिरले की तो आतून पोकळ होतो, आणि जो खड्डा आपण डांबराच्या दर्जाचा दोष समजतो त्याचे कारण पुष्कळदा साईडपट्टीच्या उलट्या उतारात असते. पाणी रस्त्यावरून बाहेर पडण्याऐवजी कडेला थांबते, कडेने खाली शिरते आणि रस्ता खालून मऊ होतो. त्यावर नवा थर टाकणे म्हणजे तोच खड्डा पुढच्या वर्षासाठी राखून ठेवणे. शहरांत तर जुन्या रस्त्यावरच काँक्रीटचा नवा थर चढवला जातो, रस्ता वीतभर उंच होतो आणि दोन्ही बाजूंची तळमजल्याची घरे रस्त्याच्या खाली जातात. पहिल्या पावसात तिथले लोक उंबऱ्यावर विटा रचून बसतात.

पूर्वी मैलकुली असायचे. प्रत्येकाकडे रस्त्याचा ठरावीक तुकडा असे, आणि मृगाच्या आधी त्या तुकड्याची गटारे मोकळी करणे, मोरीच्या तोंडातला पाला काढणे, साईडपट्टी छाटणे हे त्याचे काम असे. त्याला हिशेब येत नसतील, पण कोणत्या वळणावर पाणी रस्ता ओलांडते आणि कोणती मोरी तुंबते हे त्याला पाठ होते. ती पदे संपत गेली आणि त्यांच्यासोबत ते ज्ञानही गेले. त्याची नोंद कोणी करून ठेवली नाही. गावातल्या जुन्या माणसांकडे ते अजून थोडे शिल्लक आहे. कोकणात कोणत्याही वाडीत विचारा, कोणता पऱ्ह्या किती फुगतो आणि कोणता व्हाळ दहा वर्षांतून एकदा वाट बदलतो हे सांगणारा एक तरी म्हातारा सापडतो. त्याला विचारणे हा प्रशिक्षणाचा भाग असायला हवा, सर्वेक्षणाच्या अर्जात त्यासाठी रकाना असायला हवा.

शिकता येते, याचा पुरावा कोकणातच आहे. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दगडमातीवर गाडी आदळून पन्नासच्या वर माणसे मेली, आणि पुढच्याच जूनमध्ये महाडजवळ करंजाडीला मत्स्यगंधा एक्स्प्रेस पुलावरून खाली गेली. त्यानंतर रेल्वेने डोंगरउतार सौम्य केले, कड्यांवर जाळ्या बसवल्या, ठिकठिकाणी पर्जन्यमापक लावले, पावसाळ्याचे वेगळे वेळापत्रक पक्के केले, आणि मुख्य म्हणजे गस्तीची शिस्त बसवली. मुसळधार पावसात समोरचे नीट दिसेनासे झाले की गाड्यांचा वेग ताशी ४० किलोमीटरवर आणायचा, हा नियम झाला. रात्रीच्या पावसात रूळ तपासत चालणाऱ्या माणसाला काय पाहायचे हे सांगितलेले असते, आणि धोका दिसला तर गाडी थांबवायची मुभा असते. ज्ञान आणि अधिकार दोन्ही सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसापर्यंत पोचले. दरडी अजूनही पडतात, गाड्या अजूनही अडकतात, पण व्यवस्था जागी असते.

त्याच डोंगररांगांत, कित्येक ठिकाणी रुळांपासून हाकेच्या अंतरावर, मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण चालले. परशुराम घाटात रुंदीकरणासाठी डोंगर उभा कापला गेला आणि २०२२ च्या पावसाळ्यात दरडींमुळे घाट काही दिवस बंद ठेवावा लागला. खाली पेढे गाव, वर तुटलेली कडा. जांभा आणि त्याखालची झिजलेली माती उभ्या कापात तग धरत नाही, विशेषतः पाणी मागून दाब देत असेल तेव्हा. कापाच्या माथ्यावर आधी पाणी अडवून बाजूला नेणारा चर काढायचा, मग कापायला हात घालायचा, हा घाटरस्त्याचा पहिला धडा आहे. भिंतीत पाणी बाहेर पडायला भोके ठेवायची आणि त्यामागे गोट्यांचा थर भरायचा, हा दुसरा. दोन्ही गोष्टी पाठ्यपुस्तकात आहेत. महामार्गाने जाताना नवीन भिंतींकडे पाहा. किती भोकांतून पावसाळ्यात खरेच पाणी येते आणि किती फक्त दाखवण्यापुरती आहेत, हे गाडीतूनही दिसते. कोरडे भोक म्हणजे पाणी मागे साठले असण्याची शक्यता, हे पोकलेन चालवणाऱ्याला आणि भिंत भरणाऱ्या गवंड्याला कोणी सांगितले आहे का? एकाच भूगोलात, एकाच पावसात, रेल्वेच्या गस्तवाल्याला जे कळते ते रस्त्याच्या सुपरवायझरला कळू नये, यामागे बुद्धीचा फरक नाही. एका ठिकाणी शिकवणे हा व्यवस्थेचा भाग झाला, दुसरीकडे झाला नाही.

पाण्याचे ज्ञान महाराष्ट्रात नाही असेही नाही. देशात क्वचितच कुठे असेल इतके ते इथे आहे. संभाजीनगरला १९८० पासून वाल्मी ही जल आणि भूमी व्यवस्थापनाची संस्था आहे, नाशिकला अभियंत्यांना प्रशिक्षण देणारी मेटा आहे, खडकवासल्याला १९१६ पासून चालत आलेले जलसंशोधन केंद्र आहे. समपातळी चर, माती नाला बांध, गॅबियन हे शब्द नगर आणि साताऱ्याच्या शेतकऱ्याच्या तोंडी आहेत. 'माथा ते पायथा' हा मंत्र आपण गावोगाव नेला. पण हे सारे ज्ञान मृदसंधारण आणि जलसंपदा खात्यांच्या कुंपणात राहिले. एकाच तालुक्यात एक खाते डोंगरमाथ्यापासून पाणी अडवत खाली येते आणि दुसरे खाते मधूनच भराव टाकून तो उतार तोडते. वरच्या बाजूला पाणी तुंबते, खालच्या विहिरी कोरड्या पडतात, आणि जिथे एकुलती एक मोरी असते तिथे पाणी एकवटून शेताची घळ करते. दोन्ही कामांना पैसा एकाच तिजोरीतून आलेला असतो.

शिरोलीचे उदाहरण राज्याला पाठ झाले आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुरात कोल्हापूरजवळ शिरोलीला पुणे-बंगळूर महामार्ग काही दिवस पूर्ण बंद झाला. दुधाचे टँकर, भाजीचे ट्रक, रुग्णवाहिका, सगळे अडकले. पूररेषेत भराव घालून रस्ता उंच करणे हा वरवर सोपा उपाय वाटतो, पण नदीच्या पसरण्याच्या जागेत आडवा भराव म्हणजे बांधच. पाण्याला जायला पुरेशा खिडक्या नसतील तर रस्ता वाचतो आणि वरची गावे बुडतात. भरावाऐवजी खांबांवरचा पूल करा, ही तिथल्या लोकांची मागणी आहे. ती मागणी करणाऱ्यांमध्ये अभियांत्रिकी न शिकलेले शेतकरी आहेत, आणि त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे.

रस्ता पाण्याचा शत्रू असलाच पाहिजे असे नाही. बुलढाण्यात महामार्गाच्या भरावासाठी लागणारी माती आणि मुरूम तलाव, नाले खोल करून काढण्याचा प्रयोग झाला. रस्त्याला माती मिळाली, तलावांची साठवण वाढली. पुढे हाच 'बुलढाणा पॅटर्न' म्हणून ओळखला गेला. केनियातल्या मकुएनी या दुष्काळी भागात शेतकरी रस्त्याच्या कडेने वाहणारे पाणी चर काढून शेतात आणि शेततळ्यात घेतात. इथिओपियातल्या टिग्रायमध्ये रस्ता बांधतानाच मोरीच्या तोंडाशी पाणी मुरवण्याची सोय केली गेली. मराठवाडा आणि माण-खटाव यांच्याइतकी याची गरज कोणाला असेल? मोरीचे तोंड कोणत्या दिशेला उघडते, एवढ्या एका निर्णयावर खालच्या शेताची धूप होणार की विहीर भरणार हे ठरते. तो निर्णय घेणाऱ्याला दोन्ही शक्यता माहीत हव्यात. म्हणून बांधकाम खात्यातल्या अभियंत्याला वाल्मीत शिकायला पाठवा आणि मृदसंधारणातल्या माणसाला रस्त्याच्या साइटवर शिकवायला बोलवा, असे मी म्हणतो. नव्या संस्था काढायची गरज नाही. कुंपणे उघडायची गरज आहे.

पाण्याच्या मापाबरोबर त्याच्या गुणाचाही प्रश्न आहे, आणि त्याकडे तर आपण अजून पाहायलाच सुरुवात केलेली नाही. मोठ्या खंडानंतरच्या पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल, टायरची झीज, ब्रेकची धातूयुक्त धूळ हे सारे एकदम धुऊन जवळच्या ओढ्यात उतरते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात पाऊस पडला की अंडी घालायला परतलेले कोहो सॅमन मासे शहरातल्या ओढ्यांत तडफडून मरायचे. कारण वर्षानुवर्षे कळत नव्हते. डिसेंबर २०२० मध्ये संशोधकांनी ते शोधले: टायर लवकर चिरू नये म्हणून रबरात घालतात त्या रसायनाची ओझोनशी प्रक्रिया होऊन तयार होणारा एक विषारी पदार्थ. टायर आपलेही तसेच आहेत. आपल्या खाड्या आणि नद्या हे पाणी रोज पितात.

बांधकाम चालू असतानाची माती हे त्याहून मोठे आणि ताबडतोबीचे नुकसान आहे. उघडा पडलेला भराव पहिल्या सरींत वाहतो आणि भाताच्या रोपांवर, पाणवठ्यांवर, विहिरींत लाल गाळ बसतो. अमेरिकेत १९७२ च्या स्वच्छ जल कायद्यात १९८७ मध्ये पावसाच्या पाण्याची तरतूद आली. १९९० च्या नियमांनी पाच एकर किंवा त्याहून मोठ्या बांधकामांना परवाना लागू झाला, १९९९ च्या नियमांनी ती मर्यादा एक एकरावर, म्हणजे चाळीस गुंठ्यांवर आली. वॉशिंग्टन राज्यात एवढ्या जागेवर काम करायचे तर धूप आणि गाळ रोखण्याचे प्रशिक्षण घेतलेला, प्रमाणपत्र असलेला माणूस साइटच्या पाहणीसाठी नेमावाच लागतो. त्याला प्रमाणपत्राचे वेळोवेळी नूतनीकरण करावे लागते. तिथले सगळे काही उत्तम चालते असे मी म्हणणार नाही. शहरे तिथेही तुंबतात. पण ओढ्यात माती का गेली, हे विचारायला तिथे एक नाव आणि एक सही असते. आपल्याकडे २००६ च्या पर्यावरणीय परिणाम अधिसूचनेत मोठ्या महामार्गांना मंजुरी घ्यावी लागते, अहवालात गाळ रोखण्याचे उपाय लिहिलेले असतात, आणि मंजुरी मिळाल्यावर तो अहवाल साइटवरच्या कोणाच्याही हातात नसतो. ज्या उपायांची नावे मुकादमाला माहीत नाहीत ते उपाय होणार कसे?

खर्चाचा आक्षेप येईल. ज्या रस्त्याला किलोमीटरमागे कोट्यवधी लागतात त्यात काही दिवसांच्या प्रशिक्षणाचा खर्च हिशेबातही दिसणार नाही. घाट एकदा बंद पडला, मोरी एकदा वाहून गेली की त्याहून कितीतरी जास्त जातो, आणि माणसे गेली तर त्याचा हिशेबच नाही. वेळ नाही हा आक्षेप तर अजिबात टिकत नाही. जून ते सप्टेंबर मातीकाम थांबलेले असते, डांबराचे प्लांट बंद असतात. शिकवायला याहून चांगला काळ नाही, कारण धडा समोर वाहत असतो. वातानुकूलित सभागृहात दोन दिवस स्लाइड दाखवून, शेवटी गटफोटो काढून प्रमाणपत्रे वाटायची, असले प्रशिक्षण मला नको आहे. अभियंत्याला त्याच्याच रस्त्याच्या एका किलोमीटरवर, त्याच्याच मोरीशी, पाऊस चालू असताना उभे करा. पाणी कुठून येते, कुठे थांबते, कोणाच्या बांधावरून जाते हे नकाशावर काढायला लावा. मग मोरीचे माप पुन्हा काढायला लावा आणि नकाशातल्या मापाशी ताडून पाहा. जेसीबी आणि पोकलेन चालवणाऱ्यांसाठी हेच मराठीत आणि हिंदीत, चित्रांतून आणि हातांनी करून घ्या. ते बहुतेक परप्रांतातून किंवा दुसऱ्या जिल्ह्यातून आलेले असतात आणि त्या मातीची ओळख त्यांना कोणीच करून दिलेली नसते.

'पाऊसच विक्रमी होता' हा तिसरा आक्षेप आहे, आणि तोच मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो ऐकून चौकशी थांबते. मुंबईत आचार्य अत्रे चौक हे मेट्रोचे भुयारी स्थानक मे २०२५ मध्ये सुरू झाल्यानंतर काही दिवसांतच पाण्याखाली गेले. बांधकाम चालू असलेल्या प्रवेशद्वाराजवळची पाणी अडवणारी भिंत कोसळून पाणी आत शिरले. त्या दिवशी मे महिन्यासाठी अभूतपूर्व पाऊस होता हे खरे. पण भुयाराचे अर्धवट तोंड पावसाळ्याच्या तोंडावर कसे राखायचे, हा प्रश्न पाऊस विक्रमी असो वा नसो, दरवर्षी येणारच आहे. मान्सून लवकर येऊ शकतो. पाऊस वाढतो आहे हे मान्य असेल, तर जुन्या पावसावर शिकलेल्यांना पुन्हा शिकवणे जास्त निकडीचे ठरते.

सक्ती कुठे बसवायची हेही अवघड नाही. महाराष्ट्र अभियांत्रिकी सेवेच्या परीक्षेत आणि खातेअंतर्गत परीक्षांत निचरा आणि धूप यांवर स्वतंत्र, नापास करू शकणारा भाग ठेवावा. निविदेत ठेकेदाराकडून प्लांट आणि यंत्रांची यादी मागतात तशी पाण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या दोन नावांची यादी मागावी, आणि ती माणसे साइटवर हजर नसतील तर काम थांबवण्याचा अधिकार शाखा अभियंत्याला द्यावा. मोरी आणि गटार यांची मोजमापे डांबराच्या आधी पुस्तिकेत चढली नाहीत तर डांबराचे बिल निघू नये. पहिल्या पावसाळ्यानंतर त्या किलोमीटरवर पाणी कसे वागले याची पाहणी ग्रामपंचायतीच्या प्रतिनिधीसमोर करून तिचा अहवाल अनामत रकमेशी जोडावा. सुरुवात महाड, पोलादपूर आणि चिपळूण या तीन तालुक्यांतून करावी. तिथल्या शाखा अभियंत्यांची, ठेकेदारांच्या सुपरवायझरांची आणि यंत्रचालकांची पहिली तुकडी येत्या जूनमध्ये बसवावी, कोकण रेल्वेच्या गस्तवाल्यांपैकी काही अनुभवी माणसे तिला शिकवायला मागून घ्यावीत, आणि तिचा अभ्यासक्रम, परीक्षेचे प्रश्न आणि निकाल सार्वजनिक बांधकाम खात्याने लोकांसाठी खुले करावेत.